पुरात बुडालेले भाताचे रोप काय करते?



पूर आला की ज्याला पळता येते तो पळतो. गुरे उंचवट्यावर जातात, उंदीर बिळे सोडतात, मुंग्या आपली अंडी तोंडात धरून भिंत चढू लागतात. माणूसही चार चीजवस्तू डोक्यावर घेऊन शाळेच्या इमारतीत आसरा शोधतो. भाताच्या रोपाला मात्र यांतले काहीच जमत नाही. लावणीच्या वेळी ज्या जागी ते चिखलात रोवले, त्याच जागी उभे राहून त्याला संकटाला तोंड द्यावे लागते.

मग पाणी डोक्यावरून गेल्यावर हे रोप मुकाट्याने मरणाची वाट पाहते का? मुळीच नाही. पाणी चढल्यापासून काही तासांतच त्याच्या पेशींमध्ये मोठी धावपळ सुरू होते. संकटाची बातमी पोहोचते, अनेक जनुके चालू होतात, अनेक बंद होतात, आणि शिल्लक अन्न कसे वापरायचे याचा निर्णय होतो. रोपाला मेंदू नाही. तेव्हा हा निर्णय ते विचार करून घेत नाही हे उघड आहे. तो त्याच्या जनुकांत लिहिलेला असतो. तो वाचला कसा जातो, आणि एका जनुकाच्या फरकाने शेतकऱ्याचे वर्ष कसे तरते किंवा बुडते, ते आपण या लेखात पाहू.

पाण्यातले पीक पाण्यानेच मरते!

तुम्ही म्हणाल, "भात हे तर पाण्यातलेच पीक. कोकणातली, मावळातली किंवा भंडारा-गोंदियाकडची खाचरे पावसाळ्यात पाण्याने भरलेली असतात. मग भात बुडून कसा मरेल?"

शंका रास्त आहे. पण नीट आठवून पाहा. खाचरात भाताची मुळे पाण्याखाली असतात, पाने मात्र हवेत असतात. भाताच्या पानांत, खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे पानांतून शिरलेला प्राणवायू नळीतून जावा तसा थेट मुळांपर्यंत पोहोचतो. जोपर्यंत पानाचे टोक पाण्याबाहेर आहे तोपर्यंत रोपाला चिंता नाही. पाणी टोकाच्याही वर गेले की ही वाट बंद होते.

आता दोन्हीकडून कोंडी होते. हवेच्या तुलनेत पाण्यात वायू सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतात. त्यामुळे श्वसनासाठी लागणारा प्राणवायू रोपाला पुरेसा मिळत नाही आणि अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डाय-ऑक्साइडही मिळत नाही. त्यात पुराचे पाणी गढूळ! सूर्यप्रकाशही पानांपर्यंत धड पोहोचत नाही. म्हणजे नवे अन्न तयार होणे जवळजवळ थांबते आणि रोपाला साठवलेल्या पिठूळ पदार्थांवर व साखरेवर दिवस काढावे लागतात.

ही शिल्लकही फार पुरत नाही. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेचे सुमारे तीस 'सुटे पैसे' मिळतात. हे सुटे पैसे म्हणजे ए.टी.पी. या पदार्थाचे रेणू. प्राणवायू नसेल तर पेशी किण्वनाचा मार्ग धरते. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवते तोच हा मार्ग. त्यातून एका ग्लुकोजमागे फक्त दोनच ए.टी.पी. मिळतात. शंभर रुपयांची नोट मोडावी आणि हाती सहा-सात रुपयेच यावेत, अशी ही स्थिती. भाताची बहुतेक वाणे पूर्ण बुडाल्यावर आठवडाभरातच मरू लागतात, ती या दिवाळखोरीमुळे.

बातमी कोण पोहोचवतो?

रोपाला डोळे नाहीत, कान नाहीत. मग आपण बुडालो हे त्याला कळते कसे?

याचे उत्तर आंब्याच्या अढीत सापडते. पाडाचे आंबे गवतात किंवा पेंढ्यात झाकून ठेवले की लवकर पिकतात. पिकू लागलेल्या आंब्यातून एथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर निघून जातो. अढीत मात्र तो कोंडून राहतो आणि शेजारच्या आंब्यांना पिकवतो. वनस्पतींवर या वायूचा परिणाम होतो हे १९०१ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले. प्रयोगशाळेत वाढवलेले वाटाण्याचे कोंब आखूड, जाड आणि वाकडे होत होते. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतील एथिलीन हे त्याचे कारण असल्याचे त्याने शोधून काढले. पुढे कळले की हा वायू वनस्पती स्वतःच तयार करतात. तो त्यांचा एक संप्रेरक आहे.

भाताचे रोपही सदासर्वदा थोडे थोडे एथिलीन तयार करत असते. एरवी ते पानांतून हवेत निघून जाते. रोप बुडाले की पाणी अढीतल्या गवताचे काम करते. वायू बाहेर पडू शकत नाही, आणि रोपाच्या शरीरातच साचतो. म्हणजे पाणी किती चढले हे मोजण्यासाठी रोपाला वेगळ्या यंत्राची गरज नाही. आपलाच वायू बाहेर जाईनासा झाला, यावरून त्याला ते कळते.

पेशीमध्ये एथिलीन ओळखणारी प्रथिने असतात. त्यांना आपण ग्राही म्हणू. एरवी हे ग्राही पुढच्या यंत्रणेवर जणू पाय ठेवून उभे असतात आणि तिला काम करू देत नाहीत. एथिलीनचा रेणू येऊन चिकटला की पाय उचलला जातो. मग निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात पेशीच्या केंद्रकात पोहोचतो. केंद्रकातच तर जनुके असतात.

जनुकांच्या कळा

भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. २००५ मध्ये भाताच्या संपूर्ण डी.एन.ए.चे वाचन प्रसिद्ध झाले. या कामात भारतासह अनेक देश सहभागी होते. त्यात ३७ हजारांहून अधिक जनुके असावीत असा अंदाज निघाला. प्रत्येक जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची कृती. स्वयंपाकाच्या जाड पुस्तकात शेकडो पाककृती असल्या तरी आज घरात त्यांतल्या दोन-तीनच होतात. तसेच पेशीचेही आहे. सर्व जनुके सर्व वेळ चालू नसतात.

कोणते जनुक केव्हा चालू करायचे हे ठरवणारी काही खास प्रथिने असतात. ती डी.एन.ए.वर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारच्या जनुकाची कळ दाबतात किंवा ती दाबू देत नाहीत. गंमत अशी की ही कळ दाबणारी प्रथिने बनवण्याची कृतीही जनुकांतच लिहिलेली असते. म्हणून एक जनुक चालू झाले की त्याच्या हाताखालची अनेक जनुके चालू-बंद होतात. शाळेत मुख्याध्यापकांनी एक सूचना काढली की सगळे वर्ग हलतात, तसे!

बुडालेल्या रोपात किण्वनासाठी लागणाऱ्या एन्झाइमांची जनुके अशीच चालू होतात. त्यासाठी एथिलीनखेरीज आणखी एक बातमी लागते, ती म्हणजे प्राणवायू कमी झाल्याची. ती कशी कळते याचा उलगडा २०११ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीवर काम करून केला.

पेशी कळ दाबणारी काही प्रथिने सतत बनवत असते आणि सतत मोडूनही टाकत असते. या प्रथिनांच्या टोकाला सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असते. प्राणवायू भरपूर असताना तो या टोकाशी संयोग पावतो, आणि टोक असे 'गंजले' की ते प्रथिन मोडीत निघते. प्राणवायू संपू लागला की टोक गंजत नाही. प्रथिन शाबूत राहते, केंद्रकात जाते आणि संकटकाळची जनुके चालू करते. पाहा, किती साधी युक्ती! पहारेकरी रोज नेमायचे आणि रोज घरी पाठवायचे. ज्या दिवशी घरी पाठवणारा आलाच नाही, तो धोक्याचा दिवस. आपल्या शरीरातही प्राणवायू ओळखण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते, जरी त्यातली प्रथिने वेगळी आहेत. ती शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक बातमी, दोन निर्णय

आता या कथेतला सर्वांत रंजक भाग. बातमी मिळाली, पुढे काय करायचे?

एक मार्ग असा की भराभर वाढून पाण्याबाहेर डोके काढायचे. बांगलादेशात आणि आजूबाजूच्या प्रदेशांत खोल पाण्यातले भात पिकते. तेथे पूर हळूहळू चढतो आणि काही महिने टिकतो. पाणी चढेल तशी या भाताची कांडी लांबत जातात. अनुकूल स्थितीत तो एका दिवसात वीस सेंटिमीटरहून अधिक वाढू शकतो. आपली पट्टी तीस सेंटिमीटरची असते, यावरून कल्पना करा! २००९ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी यामागची दोन जनुके शोधून काढली. पाणबुड्या श्वासासाठी तोंडात जी नळी धरतो तिच्यावरून त्यांना 'स्नॉर्केल-१' आणि 'स्नॉर्केल-२' अशी नावे दिली. साचलेल्या एथिलीनमुळे ही जनुके चालू होतात आणि जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या मदतीने खोड लांबवतात.

दुसरा मार्ग अगदी उलट आहे. वाढायचेच नाही! हालचाल बंद, खर्च बंद, आणि पाणी ओसरेपर्यंत शिल्लक पुरवायची. काही दिवसांत ओसरणाऱ्या पुरात हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. अशा पुरात जे रोप उंच होण्याच्या नादी लागते ते सारी साखर खर्चून बसते. पाणी उतरल्यावर त्याची लांब, अशक्त पाने आडवी पडतात आणि ते पुन्हा उठत नाही.

दोन्ही मार्गांत बातमी आणणारा एकच, एथिलीन वायू. पण त्याचा अर्थ कोणते जनुक लावते यावर 'धाव' की 'थांब' हे ठरते. यांतला कोणताही मार्ग मूलतः चांगला किंवा वाईट नाही. पूर कसा आहे यावर ते अवलंबून आहे.

ओडिशातले जुने वाण

'थांब' म्हणणारे जनुक सापडले ते ओडिशातल्या एका जुन्या भातात. तेथील शेतकरी ढालपुटिया नावाचे स्थानिक वाण लावत असत. त्यातून निवड करून 'एफ.आर. १३ ए' हे वाण वेगळे काढण्यात आले. 'एफ.आर.' म्हणजे पुराला दाद न देणारे. हे वाण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगते असे आढळले. पण त्याचे उत्पन्न कमी, आणि तांदळाची प्रतही बेताची. चांगल्या वाणाशी त्याचा संकर केला की पूर सोसण्याच्या गुणाबरोबर नको असलेले गुणही येत.

नेमके कोणते जनुक हवे हे कळल्याशिवाय ही अडचण सुटणार नव्हती. १९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासातून दाखवले की या गुणाचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेवर अवलंबून आहे. तिला 'सब-१' असे नाव मिळाले. २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून त्या जागेवरचे खरे जनुक ओळखले. त्याचे नाव 'सब-१ए'. ते कळ दाबणाऱ्या प्रथिनांच्या ज्या घराण्यात मोडते, त्याच घराण्यात ती 'स्नॉर्केल' जनुकेही मोडतात! एकाच घराण्यातले हे सदस्य, पण एक म्हणतो थांब आणि दुसरा म्हणतो धाव.

भाताच्या अनेक वाणांत 'सब-१ए' मुळीच नसते. काहींत असते, पण निराळ्या रूपात. पूर सोसणाऱ्या रूपात प्रथिनाच्या १८६ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असते. न सोसणाऱ्या रूपात तेथे प्रोलीन असते. शिवाय सोसणाऱ्या वाणात बुडाल्यावर हे जनुक अधिक जोराने चालू होते. शास्त्रज्ञांनी पूर न सोसणाऱ्या एका भातात हे जनुक घातले, तेव्हा तोही पूर सोसू लागला. हाच खरा पुरावा.

'सब-१ए' करते काय? २००८ मध्ये त्याचा उलगडा होऊ लागला. ते जिबरेलिनला लगाम घालणाऱ्या दोन प्रथिनांचे प्रमाण वाढवते. जिबरेलिनचा जोर किती असतो हे १९२६ मध्ये जपानच्या एइची कुरोसावा यांच्या अभ्यासातून दिसले होते. एका बुरशीच्या रोगाने भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडत. त्या बुरशीतून निघणाऱ्या द्रव्याचाच तो प्रताप होता, आणि पुढे त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले. 'सब-१ए' असलेल्या रोपात या संप्रेरकाचा हुकूम पाळलाच जात नाही. वाढ थांबते, साखर वाचते, किण्वन मात्र नीट चालते. पाणी ओसरले की उरलेल्या शिदोरीवर रोप नवी पाने फोडते.

प्रयोगशाळेतून खाचरात

आंध्र प्रदेशातील मारुतेरू येथे तयार झालेले 'स्वर्णा' हे पूर्व भारतातल्या शेतकऱ्यांचे आवडते वाण. उत्पन्न चांगले, पण पुरापुढे हतबल. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्यात 'सब-१' आणण्यात आले. यासाठी बाहेरून जनुक घालावे लागले नाही. नेहमीचाच संकर केला, आणि संततीचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर करत गेले. फरक इतकाच की दर पिढीत रोपांच्या डी.एन.ए.ची तपासणी करून ज्यांत 'सब-१' आले आहे आणि बाकी सारे स्वर्णाचेच आहे अशी रोपे निवडली. पूर येण्याची वाट पाहावी लागली नाही! अशा रीतीने तयार झालेले 'स्वर्णा सब-१' भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले.

ओडिशातल्या १२८ गावांत या वाणाची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस पाण्याखाली गेले तर स्वर्णा सब-१ चे उत्पन्न त्या भागातल्या लोकप्रिय वाणापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक भरते, आणि पूर आला नाही तरी उत्पन्नात घट येत नाही, असे दिसून आले. याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. पुरात प्रथम बुडणाऱ्या सखल जमिनी बहुधा समाजात खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांकडे होत्या. ज्यांच्या वाट्याला वाईट जमीन आली, त्यांनाच या जनुकाचा अधिक उपयोग झाला.

पण एका जनुकाला सर्व संकटांवरचा उपाय समजू नका. पूर दोन-अडीच आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर शिदोरी संपते आणि सब-१ चे रोपही मरते. शेतात गुडघाभर पाणी महिनाभर तुंबून राहिले तर न वाढण्याचा हा गुणच आड येतो. तेथे थोडे उंच होणारे रोप बरे. खाऱ्या पाण्याचा प्रश्न तर वेगळाच. दुसरीकडे एक सुखद आश्चर्यही आहे. पाणी ओसरल्यावर उन्हात पाने एकदम सुकू लागतात. तेव्हाही 'सब-१ए' रोपाला सावरते आणि कोरड्या दुष्काळात तग धरायला मदत करते, असे २०११ मध्ये आढळून आले.

करून पाहा

टरफलासह भाताचे वीस दाणे घ्या (तांदूळ नव्हे!). तितकेच गव्हाचे दाणे घ्या. निम्मे दाणे ओल्या फडक्यावर बशीत ठेवा आणि फडके ओले राहील याची काळजी घ्या. उरलेले भात आणि गहू झाकणाच्या दोन वेगळ्या बाटल्यांत घाला. वडीलधाऱ्यांच्या मदतीने पाणी उकळा; उकळल्याने त्यात विरघळलेली हवा निघून जाते. ते झाकून पूर्ण थंड होऊ द्या, हलकेच बाटल्या काठोकाठ भरा आणि झाकणे घट्ट लावा. बशी व बाटल्या आठवडाभर काळोख्या, उबदार जागी ठेवा.

बशीतल्या दाण्यांना मूळ आणि कोंब दोन्ही फुटतील. बाटलीतला गहू बहुधा मोड येण्याआधीच कुजू लागेल. बाटलीतल्या भाताला मात्र पांढुरका, बारीक कोंब येईल आणि मूळ मागे राहील. असलेली शिल्लक मुळावर न खर्चता दाणा प्रथम हवेच्या शोधात कोंब वर पाठवतो. म्हणजे दाण्यातून बाहेर पडता पडताच भात एक निर्णय घेतो. रोज किती दाण्यांना काय फुटले ते वहीत तक्त्याने मांडा आणि आकडे वर्गात एकमेकांशी ताडून पाहा.

शेवटी एका प्रश्नावर विचार करा. ढालपुटियासारखे उत्पन्न कमी देणारे वाण 'निरुपयोगी' म्हणून सर्वांनी टाकून दिले असते, तर २००६ मध्ये शास्त्रज्ञांना 'सब-१ए' कोठे सापडले असते? तुमच्या गावात पूर्वी कोणती वाणे लावत असत आणि त्यांचा कोणता गुण सांगत असत, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. उद्याच्या संकटाचे उत्तर त्यांतल्याच एखाद्या दाण्यात असू शकेल.